विवेक आणि निष्ठा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर मंगळवारी संध्याकाळी आमच्याकडे ज्ञानेश्वरीचं वाचन असतं. वाचन तासाभराचं आणि नंतरच्या शंका दीड तासाच्या. जे तिथे विचारायला लाजतात ते रात्री फोनवर विचारतात. गेल्या काही वर्षांत त्याच त्या शंका फिरून फिरून येऊ लागल्या, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत, नावं काढली आहेत. मी वारकरी घरात वाढले आणि सासर दत्तभक्तांचं, तेव्हा उत्तरांत तो कल दिसेलच. ज्यांना दुसरी वाट माहीत आहे त्यांनी आपली वाट सोडू नये.

१. विवेक म्हणजे नेमकं काय? हुशार माणूस विवेकी असतोच ना?

शब्दाचं मूळ ‘विच्’ या धातूत आहे. विच् म्हणजे वेगळं करणं. सूप घेऊन बसलेली बाई हेच करते. पाखडलं की कोंडा उडतो, फोलपट पुढे येतं, तेवढं सोपं. खडा मात्र उडत नाही. तो तांदळाच्याच रंगाचा आणि जवळपास तेवढाच असतो. त्याला उजेडात ताट धरून, बोटाने दाणा दाणा सरकवत निवडावं लागतं. परमार्थातही उघड खोटं आपोआप उडून जातं, खऱ्यासारखं दिसणारं खोटं तेवढं निवडायला उरतं.

वेदान्तात या निवडण्याला नित्यानित्यविवेक म्हणतात : टिकणारं काय आणि जाणारं काय. कठोपनिषदात यम नचिकेताला सांगतो की श्रेय आणि प्रेय, म्हणजे हिताचं आणि आवडीचं, दोन्ही माणसाकडे एकदमच येतात. धीर पुरुष दोन्हीकडे नीट पाहून त्यांना वेगळं करतो. तिथे क्रियापद आहे ‘विविनक्ति’, आपल्या विवेकाचाच सख्खा भाऊ. नचिकेताला शंभर वर्षं जगणारी मुलं-नातवंडं, हत्ती, घोडे, सोनं, सगळं देऊ केलं होतं. पोरगा म्हणाला, तुझे घोडे तुलाच राहू देत, नाचगाणंही तुलाच.

हुशारी म्हणजे हवं ते मिळवण्याची युक्ती. ते हवं असावं का, हा प्रश्न हुशारीला पडत नाही. फार हुशार माणसं बुवाबाजीला बळी पडताना मी पाहिली आहेत, ती याचमुळे.

२. भक्ती करायची तर डोकं बाजूला ठेवावं लागतं असं आमचे काका म्हणतात. मग विवेक हवा कशाला?

काकांना नामदेवांची गोष्ट आठवण करून द्या. त्यांना ती ठाऊक असणारच.

नामदेव म्हणजे विठ्ठलाचा लाडका. परंपरा सांगते की देव त्यांच्या हातून जेवायचा, त्यांच्याशी बोलायचा. निष्ठा मोजायची झाली तर पहिला नंबर त्यांचाच. तेरला गोरोबाकाकांच्या अंगणात संतमंडळी बसलेली असताना मुक्ताबाईला कोपऱ्यात थापटणं दिसलं. मडकं ओलं असताना त्यावर चापट्या मारून घडवायचं, आणि भाजल्यावर टिचकीसारखं वाजवून पाहायचं. हे काय, म्हणून तिने विचारलं, आणि मग म्हणाली, आमच्यातलं कोण पक्कं आणि कोण कच्चं तेही बघा की. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत निघाले. बाकीचे गप्प बसले. नामदेव चिडले, ‘ही काय रीत झाली?’ गोरोबांनी निकाल दिला : एवढं मडकं कच्चं.

नामदेव रडत पंढरीला गेले. विठ्ठलाने बाजू घेतली नाही. विसोबा खेचरांकडे जा म्हणाला. विसोबा महादेवाच्या देवळात पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेवांनी रागावून सांगितलं, पाय काढा. विसोबा म्हणाले, मला म्हाताऱ्याला उचलवत नाहीत, तूच उचल आणि जिथे देव नाही तिथे ठेव. मग नामदेव पाय जिथे नेतील तिथे पिंड.

या गोष्टीत नामदेवांची भक्ती खोटी होती असं कुठेही म्हटलेलं नाही. प्रेम पुरेपूर होतं. देव एका गाभाऱ्यापुरता आहे आणि तो ‘माझा’ आहे, हा खडा तेवढा निवडायचा राहिला होता. आणि त्यांना पाठवलं कुणी, तर स्वतः विठ्ठलाने. त्याच कच्च्या मडक्याने पुढे पंजाबात घुमानपर्यंत मजल मारली. त्यांची ६१ पदं गुरु ग्रंथसाहिबात आहेत. नुसत्या लाडावर ती वाट निघाली नसती असं मला वाटतं.

३. आधी विवेक की आधी वैराग्य?

वेदान्तातली साधनचतुष्टयाची, म्हणजे साधकाला लागणाऱ्या चार साधनांची, यादी विवेकापासूनच सुरू होते : विवेक, वैराग्य, शम-दमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व, म्हणजे मोक्षाची ओढ. दासबोधाच्या बाराव्या दशकाचं नावच विवेकवैराग्य आहे, आणि त्याचा आरंभ ‘आधीं प्रपंच करावा नेटका’ असा आहे. विवेकाशिवाय आलेलं वैराग्य म्हणजे बहुधा वैताग असतो. नोकरीत खटके उडाले की हिमालय आठवतो, आणि पगारवाढ झाली की विसरतो.

४. निष्ठा आणि हट्ट यांत फरक कसा करायचा?

मला एक खूण उपयोगी पडते. निष्ठावंत माणसाला प्रश्न विचारला तर तो उत्तर देतो किंवा ‘मला माहीत नाही’ म्हणतो. हट्टी माणूस आवाज चढवतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सांगितली आहेत, त्यांत पहिलंच ‘अद्वेष्टा’, कुणाचा द्वेष न करणारा. निष्ठा वाढतेय आणि माणसं तुटतायत असं होत असेल, तर वाढतंय ते दुसरंच काही आहे. घरच्यांशी खटका उडतोय त्यांनी प्रश्न १२ पाहावा, तिथली गोष्ट वेगळी आहे.

५. आमचं कुलदैवत खंडोबा, माहेरची भवानी, मी माळ घातली आहे आणि गुरुवारी दत्ताला जाते. एकनिष्ठ राहायचं तर यातलं काय सोडू?

काही सोडू नका. हा प्रश्न बायकांकडून जास्त येतो, कारण लग्नानंतर देवघरात दोन घरांचे टाक जमतात.

कुलदैवत हे घराण्याचं देणं आहे. लग्न झालं की जागरण-गोंधळ, जेजुरीला जाऊन तळी भरणं, हे कुळाच्या वतीने होतं. इष्टदैवत हे तुमच्या मनाचं. दोन्ही एकच असलं पाहिजे असा नियम नाही. महाराष्ट्रातली कितीतरी माळकरी घरं चंपाषष्ठीला भंडारा उधळतात आणि एकादशीला टाळ हाती घेतात.

गीतेत तेराव्या अध्यायात ‘अव्यभिचारिणी’, म्हणजे दुसरीकडे न वळणारी, भक्ती म्हटली आहे, ती कुठे जाते? याच गीतेत सातव्या अध्यायात भगवंत म्हणतात की जो ज्या रूपाची श्रद्धेने पूजा करू इच्छितो, त्याची त्या रूपावरची श्रद्धा मीच अचल करतो. नवव्यात म्हणतात, दुसऱ्या देवतांना भजणारेही मलाच भजतात, फक्त त्यांची रीत चुकते. तीन श्लोक एकत्र ठेवले की दिसतं ते असं : रूपं अनेक असण्याला आडकाठी नाही, आज हा पावला नाही म्हणून उद्या तो, या धावपळीला आहे. त्याबद्दल प्रश्न ६.

उलटी चूकही होते. पंढरपुरातच राहणारे नरहरी सोनार कट्टर शिवभक्त होते. गावात राहून विठोबाचं तोंड पाहायचं नाही, इतके कट्टर. एका सावकाराने विठोबासाठी सोन्याचा करगोटा घडवायला दिला. मापाने घडवला तर कधी तोकडा, कधी सैल. शेवटी नरहरींना स्वतः माप घ्यायला यावं लागलं, ते डोळ्यांना पट्टी बांधून. बोटांना जटा लागल्या, गळ्यातला साप लागला, कमरेचं व्याघ्रांबर लागलं. घाईने पट्टी काढली तर समोर विठ्ठल. पुन्हा बांधली, पुन्हा महादेव. ही कथा मला आवडते कारण त्यात नरहरींची शिवभक्ती कुणी मोडत नाही. मोडते ती डोळ्यांवरची पट्टी, आणि ती त्यांनी स्वतःच बांधलेली होती.

६. मी आधी गायत्री जप केला, मग ध्यानशिबिर, मग गुरुचरित्र. कशातच मन रमत नाही. माझ्यासाठी योग्य साधना कोणती?

मी तुम्हाला आणखी एक सुचवणार नाही, कारण ती यादीत चौथी होईल.

विरजण लावलेलं भांडं दर तासाला झाकण काढून हलवून पाहिलं तर दही लागत नाही. दोष दुधाचाही नसतो आणि विरजणाचाही नसतो. पतंजलींनी अभ्यास पक्का होण्याच्या तीन अटी सांगितल्या आहेत : दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. तुमचं बहुतेक तिसऱ्या अटीवर अडत असावं. प्रयोग म्हणून केलेल्या गोष्टीबद्दल आदर तयार होत नाही.

झालेल्या तिन्हींपैकी जे करताना सर्वांत कमी दिखावा वाटला ते निवडा आणि एका आषाढीपासून पुढच्या आषाढीपर्यंत, रोज थोडंच करा. वर्षाच्या आत ‘फायदा’ मोजू नका. विवेकाने निवडायचं एकदाच. निवडल्यावर रोज सकाळी पुन्हा निवडत बसायचं नाही.

७. जप करताना मन भटकतं. असा जप वाया जातो का?

नाही. मन चंचल आहे ही तक्रार अर्जुनानेही केली होती, आणि कृष्णाने ती नाकारली नाही. ‘मान्य आहे, पण अभ्यासाने आणि वैराग्याने ते ताब्यात येतं,’ एवढंच म्हणाले. बाराव्या अध्यायात तर पायऱ्याच लावून दिल्या आहेत : मन माझ्यात ठेव, जमत नसेल तर अभ्यास कर, तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर, तेही नाही तर फळ सोडून दे. इतकी सवलत कुठली शाळा देते?

व्यवहारात : मोठ्याने म्हणा. हरिपाठ टाळीवर म्हटला जातो त्याला कारण आहे. तोंड, कान आणि हात गुंतले की मनाला पळायला फटी कमी राहतात.

८. नवस बोलणं ही कमी दर्जाची भक्ती आहे का?

गीतेने भक्तांचे चार प्रकार केले : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी, ज्ञानी. संकटात हाक मारणारा आणि काही मागणारा, हे दोघे त्या यादीत आहेत, यादीबाहेर नाहीत. आणि लगेच पुढे म्हटलं आहे की हे सगळेच उदार आहेत. तेव्हा आयसीयूच्या बाहेर बसून जिने नवस बोलला तिला कुणी तत्त्वज्ञान शिकवू नये.

पण तुकोबांचा फटकाही खरा आहे : ‘नवसें कन्यापुत्र होती । तरी कां करणें लागे पती ॥’ ते कार्यकारणाचा साधा हिशेब मांडतात. नवसाने औषध बंद होत असेल, तपासणी पुढे ढकलली जात असेल, सुनेला ‘देव का पावत नाही’ म्हणून बोल लावला जात असेल, तर तिथे हा अभंग मोठ्याने म्हणावा.

९. आईने माझ्यासाठी नवस बोलला होता. ती गेली. मला तो पटत नाही. फेडायला हवा का?

आईचा शब्द म्हणून फेडावा असं माझं मत. तिने तो तुमच्यासाठी टाकला होता. यात शास्त्राचा धाक घालायचा नाही, हे कृतज्ञतेचं आहे. गूळ-पेढ्याची तुला, खण-नारळ, पायी जाणं, यांत पटण्या-न पटण्यासारखं काय आहे?

नवस पशुबळीचा असेल किंवा कुणाच्या अंगाला इजा करणारा असेल तर मात्र नारळ फोडून, हात जोडून तिथे थांबा. देवीसमोर कोहळा कापण्याची रीत कित्येक ठिकाणी याच कारणाने आहे. ऐपतीबाहेरचा नवसही कर्ज काढून फेडू नका.

१०. खरा गुरु कसा ओळखावा? आणि गुरु केल्यावर शंका आली तर? गुरुद्रोहाचं पाप लागेल म्हणतात.

दोन वेगळे प्रश्न आहेत, पण येतात नेहमी जोडीनेच. आणि बहुतेक वेळा रात्री दहानंतर.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरुलक्षणाचा एक अख्खा समास लिहिला आहे. सुरुवातच अशी की करामती दाखवणाऱ्यालाही गुरु म्हणतात, पण तो मोक्ष देणारा सद्गुरु नव्हे. चमत्कार खरा की खोटा या वादात समर्थ पडतच नाहीत. खरा असला तरी गैरलागू. विजेचं काम येणाऱ्याला आपण पोटदुखीवर औषध विचारत नाही, तसं.

पुढे त्याच समासात एक ओवी आहे, ती मी वाचनात दोनदा म्हणते :

‘शिष्यास न लाविती साधन । न करविती इंद्रियदमन ।
ऐसे गुरु अडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥’

अडका म्हणजे अगदी क्षुल्लक नाणं. त्याला तीन मिळाले तरी नकोत. ‘त्यजावे’ हा शब्द समर्थांचा आहे, माझा नाही. तेव्हा पापाची भीती दाखवणाऱ्याला ही ओवी दाखवा. आधी पारख, मग शरण, हा क्रम आपल्याकडे जुना आहे. ज्यांच्याकडून तो चुकला त्यांना परत फिरायची मुभाही आहे.

माझ्या स्वतःच्या खुणा, अनुभवावरून : तुमच्या घरातली भांडणं त्याच्यामुळे वाढतात का? तो तुम्हाला एकटं पाडतो का? पैशाचा हिशेब विचारल्यावर वातावरण बदलतं का? एकांतात बोलावणं येतं का? आणि तुम्ही त्याच्याकडे गेल्यापासून जास्त निर्भय झालात की जास्त घाबरट? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सहसा चुकत नाही. आमच्या नात्यातल्या एका बाईंनी सहा वर्षांत एका महाराजांपायी दोन एकर विकली. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं की आपली श्रद्धाच कमी पडते. महाराजांचं काही चुकत असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही.

गोष्ट फसवणुकीपलीकडे गेली असेल तर कायदा आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. चमत्कारांचा दावा करून लुबाडणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर डॉक्टरकडे जाऊ न देणं, अवतार असल्याचं सांगून शरीरसंबंध ठेवणं, हे सगळं त्यात येतं. या कायद्याने वारीवर गदा येईल अशी भीती तेव्हा पसरवली गेली होती. प्रत्यक्षात वारी, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, भजन यांना हात लावलेला नाही, तसं कलमच आहे.

गुरु एकच असावा का, हेही विचारतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत चोवीस गुरु सांगतो, त्यांत पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर, मधमाशी आहेत. तो म्हणतो, एकाच गुरूकडून ज्ञान पुरेसं भक्कम होत नाही. एकनाथांनी याच स्कंधावर टीका लिहिली, आणि तरी गुरु जनार्दनस्वामींशिवाय त्यांची ओवी पुरी होत नाही. शिकावं सगळ्यांकडून. दीक्षा एकाकडून.

११. स्वप्नात देव आला, किंवा अंगात येणाऱ्या बाईने सांगितलं, किंवा कौल मिळाला. हा देवाचा आदेश मानायचा का?

तिन्हींना एकच मोजपट्टी लावू नका.

कौल ही गोव्यात आणि तळकोकणात देवळाची रीतसर पद्धत आहे. मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतात, प्रश्न विचारतात आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते ते पाहतात. मुहूर्त, जत्रेचा दिवस, दोन सारख्याच चांगल्या स्थळांतलं एक, इथे कौल घ्यायला माझी काहीच हरकत नाही. दोन्हीकडून मन अडकलेल्या माणसाला तो सोडवतो. ऑपरेशन करायचं की नाही हे मात्र पाकळीला विचारायचं नसतं.

अंगात येणाऱ्याला नमस्कार करा, खण-नारळ द्या, निर्णय देऊ नका.

स्वप्नाचं कठीण आहे. तुकोबांना बाबाजी चैतन्यांकडून उपदेश मिळाला तो स्वप्नातच, माघ शुद्ध दशमीला. त्या गुरूने जेवायला पावशेर तूप मागितलं होतं, आणि स्वप्नात तेच द्यायचं राहून गेलं, अशी खंतही तुकोबा नोंदवतात. (इतका खरा तपशील कुणी रचून सांगत नाही.) तर स्वप्न नाकारायचं कसं? पण तुकोबांच्या आत्मचरित्रपर अभंगात दोन ओळी लागून येतात, त्या लागूनच वाचायला हव्यात :

‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता ॥
मानियेला स्वप्नीं गुरूचा उपदेश । धरिला विश्वास दृढ नामीं ॥’

ग्वाही म्हणजे साक्षीदार. आधी मनाला खऱ्या-खोट्याचा साक्षीदार केलं, चार लोक काय म्हणतात ते बाजूला ठेवलं, मग स्वप्न मानलं, आणि मानल्यावर नाम घट्ट धरलं. ज्या दोन गोष्टींवर ही सगळी प्रश्नोत्तरं चालली आहेत त्या एकाच अभंगात, एका श्वासात आहेत.

आणखी एक पाहा. ते पावशेर तूप सोडलं तर त्या स्वप्नाने तुकोबांकडून काय मागितलं? नामस्मरण, तेही त्यांच्याकडूनच. ज्या स्वप्नात देव दुसऱ्याची जमीन, दुसऱ्याची मुलगी किंवा दुसऱ्याचा पैसा मागतो, ते स्वप्न रात्रीच्या जेवणाचं.

१२. सासरी माझ्या भजनाला विरोध आहे. निष्ठा ठेवायची तर घर सोडायचं का?

बहिणाबाई शिऊरकरांचं चरित्र त्यांच्याच अभंगांत आहे. सतराव्या शतकातली ब्राह्मण घरातली मुलगी, नवरा वयाने कितीतरी मोठा, आणि तिचे गुरु तुकाराम, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने शूद्र. नवऱ्याने मारलं, बांधून ठेवलं. तिने नाम सोडलं नाही आणि घरही सोडलं नाही. पुढे नवराही बदलला.

ही गोष्ट सांगून बायकांना ‘सहन करा’ म्हणणारे कीर्तनकार मी ऐकले आहेत. मला ते मान्य नाही. बहिणाबाईंना दुसरी वाटच नव्हती, तुम्हाला आहे. मारहाण होत असेल तर तो भक्तीचा प्रश्न राहत नाही, पोलिसांचा होतो.

नुसती कुरकुर असेल तर वेळ बदला. पहाटेचं नाम कुणाच्या डब्याच्या आड येत नाही. आणि प्रामाणिकपणे तपासा की भजनाच्या नावाखाली घरातलं एखादं काम टळतंय का. माझं टळत होतं.

१३. माळ तुटली, एकादशी मोडली, वारी चुकली. आता काय?

माळ ओवून घाला. आमच्या आजेसासूबाईंची माळ एकदा भांडी घासताना तुटली आणि मणी मोरीच्या जाळीत गेले. काडीने एकेक काढून, मोजून, एकशेआठ भरल्यावरच त्या जेवायला बसल्या, दुपारचे साडेतीन वाजले होते. शेवटचा मणी सापडत नव्हता तो त्यांच्याच निऱ्यांत निघाला. हा नेम बऱ्याच माळकरी घरांत आहे : गळ्यात माळ आल्याशिवाय अन्न नाही. पण त्यांना साखरेचा त्रास नव्हता. तुम्हाला असेल तर आधी खा.

तेच एकादशीचं. गीता म्हणते, अति खाणाऱ्याला योग नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही नाही. गरोदर, आजारी, मधुमेही, वयस्कर, यांनी उपवास न करणं म्हणजे एकादशी मोडणं नव्हे. नाम घ्या, झालं. आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ वाल्यांसाठी जाता जाता : बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, चारही अमेरिका खंडातून आलेले. ज्ञानोबांच्या एकादशीला यातलं काहीच नव्हतं. तेव्हा उपवासाला काय चालतं यावर भांडू नये.

वारीचं म्हणाल तर २०२० आणि २०२१ साली पायी वारीच झाली नाही. पादुका एसटीने पंढरीला गेल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वारकरी घरी बसले. आमच्या दिंडीतले एक आजोबा गच्चीवर रोज वारीच्या मुक्कामाएवढ्या फेऱ्या घालायचे. त्यांची वारी चुकली असं म्हणायची माझी छाती नाही. सर्वांत जुना दाखला अरणच्या सावता माळ्यांचा. परंपरा सांगते की ते पंढरीला गेलेच नाहीत, मळ्यातला कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठाई दिसली. अरण पंढरपूरपासून काही फार लांब नाही. जाता येत नव्हतं असं नाही.

परदेशातून हाच प्रश्न येतो : इथे देऊळ नाही, दिंडी नाही, एकादशीला सुट्टी नाही. त्यांनाही सावतोबाच.

१४. आम्ही सगळं केलं, तरी मुलगा गेला. आता देवासमोर उभं राहवत नाही. आमची निष्ठा कमी पडली का?

नाही. याला मी लांब उत्तर देत नाही, कारण या प्रश्नाला कुणी शहाणपण सांगू नये. ‘पूर्वकर्म’ म्हणणाऱ्याला घरातून जायला सांगा.

फक्त इतकं की संतांनी हे पाहिलेलं होतं. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात तुकोबांची बायको अन्न अन्न करत गेली. ते त्यांनी अभंगात लपवलेलं नाही.

१५. देवाशी भांडलं, शिव्या दिल्या, तर चालतं का?

जनाबाईने ‘अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणून सुरुवात केली आणि पुढे त्याहून कडक शब्द वापरले. ते आजही कीर्तनात म्हटले जातात, देवळात, त्याच्याच समोर. ज्याच्याशी संबंध तुटला त्याच्याशी माणूस भांडत नाही.

आजेसासूबाईंचा धाकटा मुलगा गेला तेव्हा त्यांनी देवघरातली विठ्ठलाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. कुणी सरळ करायला गेलं तर हात झटकायच्या. संध्याकाळी दिवा मात्र लावायच्या, तसबिरीच्या पाठीला. किती दिवस चाललं ते मला नीट आठवत नाही. एका सकाळी तसबीर सरळ होती, आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहून चहाला आलं किसत होत्या.